परदेशी शिक्षणाचा पैसा : रकमेआधी अट वाचा

लंडनच्या ग्रेज इन या कायद्याच्या संस्थेत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दहा वर्षांच्या अंतराने दोन मराठी तरुण दाखल झाले. विनायक दामोदर सावरकर १९०६ मध्ये लंडनला गेले ते ‘शिवाजी शिष्यवृत्ती’वर. त्यांची शिफारस लोकमान्य टिळकांनी श्यामजी कृष्णवर्मा यांच्याकडे केली होती. श्यामजींच्या पुढाकाराने दिल्या जाणाऱ्या या शिष्यवृत्त्यांची अट स्पष्ट होती : शिकून झाल्यावर इंग्रज सरकारची चाकरी करायची नाही.

दुसरे भीमराव रामजी आंबेडकर. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी त्यांना अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठासाठी महिना साडेअकरा पौंडांची, तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली. ४ जून १९१३ रोजी त्यांनी करारावर सही केली. ठरवून दिलेले विषय शिकायचे आणि परत आल्यावर दहा वर्षे बडोदे संस्थानची नोकरी करायची, असा तो करार होता. एका देणगीदाराला सरकारी नोकरीपासून दूर राहणारी माणसे घडवायची होती, दुसऱ्याला आपल्या संस्थानचा कारभार चालवणारी. तेव्हापासून आजपर्यंत परदेशी शिक्षणाच्या पैशाचा हा नियम बदललेला नाही. देणाऱ्याचा हेतू जाहिरातीतल्या मोठ्या आकड्यात सापडत नाही, तो अटींमध्ये सापडतो.

आपल्याकडे मात्र शिष्यवृत्तीची बातमी रकमेने सुरू होते आणि रकमेवरच संपते. ‘अमक्याला पन्नास लाखांची स्कॉलरशिप’ हे वाचून गावात सत्कार होतो. पण बीड, नंदुरबार किंवा गडचिरोलीतून पहिल्यांदाच परदेशी निघालेल्या मुलामुलीला खरी गरज असते ती चार प्रश्नांच्या उत्तरांची. पैसा कोण देतो आणि कशासाठी? त्यात नेमका कोणता खर्च बसतो? तो हातात केव्हा पडतो? आणि बदल्यात काय द्यायचे आहे?

देणारा कोण, त्याला काय हवे?

परदेशी सरकारांच्या शिष्यवृत्त्या हा परराष्ट्र धोरणाचा भाग असतो. अमेरिकेचे सिनेटर विल्यम फुलब्राइट यांनी १९४६ मध्ये एक कायदा करून घेतला. दुसऱ्या महायुद्धानंतर परदेशांत पडून राहिलेले अमेरिकी युद्धसाहित्य विकून येणाऱ्या पैशातून विद्यार्थ्यांची आणि अभ्यासकांची देवाणघेवाण करावी, ही त्यामागची कल्पना होती. भारताशी असा करार १९५० मध्ये झाला. २००८ च्या नव्या करारानंतर भारत सरकारही खर्चाचा समान वाटा उचलू लागले आणि शिष्यवृत्तीचे नाव ‘फुलब्राइट-नेहरू’ झाले. पदव्युत्तर शिक्षणासाठी तिला किमान तीन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो आणि अभ्यास संपल्यावर दोन वर्षे मायदेशी राहण्याची अट असते. दोन समाजांत ओळख वाढावी यासाठीच हा पैसा असल्यामुळे माणूस परत येणे हा त्या हिशोबाचाच भाग आहे.

ब्रिटनची चेव्हनिंग शिष्यवृत्ती १९८३ पासून सुरू आहे. एका वर्षाच्या मास्टर्ससाठी मिळणाऱ्या या शिष्यवृत्तीला साधारण दोन वर्षांचा, म्हणजे २,८०० तासांचा कामाचा अनुभव लागतो. तिलाही अभ्यासानंतर दोन वर्षे मायदेशी परतण्याची अट आहे. उद्या आपापल्या देशात निर्णयाच्या जागी बसतील अशी माणसे तिला हवी असतात. म्हणून तिथे निव्वळ गुणपत्रिका पुरत नाही. तुम्ही आतापर्यंत चार माणसांना बरोबर घेऊन काय उभे केले, हे विचारले जाते. मूळच्या बुलढाणा जिल्ह्यातील राजू केंद्रे याच शिष्यवृत्तीवर लंडनच्या सोआस विद्यापीठात शिकले. त्याआधी त्यांनी यवतमाळमध्ये पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्यांना उच्च शिक्षणाची वाट दाखवणारी ‘एकलव्य’ ही संस्था सुरू केली होती. हे उदाहरण चेव्हनिंगच्या निकषाला चपखल बसते.

आपल्या सरकारांच्या योजनांचा हेतू याहून वेगळा, सामाजिक न्यायाचा आहे. केंद्राची ‘राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती’ १९५४-५५ पासून चालू आहे. अनुसूचित जाती, विमुक्त व भटक्या जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्या मुलांसाठी तिच्यात वर्षाला १२५ जागा असतात. कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा आठ लाख आहे आणि ३० टक्के जागा मुलींसाठी राखीव आहेत. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी वेगळी योजना आहे, पण तिच्या जागा अवघ्या २० आहेत.

महाराष्ट्रात सामाजिक न्याय विभागाची ‘राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती’ अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहे. तिच्या जागा ७५ आहेत. मराठा आणि कुणबी समाजातील विद्यार्थ्यांसाठी ‘सारथी’ संस्थेने २०२३ मध्ये महाराजा सयाजीराव गायकवाडांच्या नावाने योजना आणली, तिच्याही जागा ७५ आहेत. इतर मागासवर्ग, भटके-विमुक्त, आदिवासी, अल्पसंख्याक आणि खुला प्रवर्ग यांच्यासाठी वेगवेगळ्या विभागांच्या योजना आहेत. या योजनांच्या अटी वारंवार बदलतात. २०२४ मध्ये गुणांची टक्केवारी आणि रकमेची कमाल मर्यादा यांवरून राज्यात मोठा वाद झाला होता. म्हणून मागच्या वर्षीच्या मित्राच्या अनुभवावर विसंबून न राहता त्या वर्षीचा शासन निर्णय स्वतः, शेवटच्या ओळीपर्यंत वाचावा.

तिसरा वर्ग खासगी न्यासांचा. जमशेटजी टाटांनी १८९२ मध्ये परदेशी उच्च शिक्षणासाठी निधी स्थापन केला. त्याची रचना आजही अभ्यासण्यासारखी आहे. हे दान नसून कर्जाऊ शिष्यवृत्ती आहे. विद्यार्थी कमावता झाला की पैसे परत करतो आणि त्यातून पुढचा विद्यार्थी जातो. सुरुवातीच्याच विद्यार्थ्यांत स्त्री डॉक्टर होत्या. पुढे राष्ट्रपती झालेले के. आर. नारायणन आणि खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर हेही टाटा स्कॉलर. मुंबईतील के. सी. महिंद्रा एज्युकेशन ट्रस्ट आणि नरोत्तम सेखसरिया फाउंडेशन बिनव्याजी कर्जाच्या रूपात मदत करतात. मुलाखतीला ‘परत कसे फेडणार?’ हा प्रश्न आला, तर तो अपमान समजू नये. पुढच्या मुलाचा पैसा त्या उत्तरावर अवलंबून असतो.

काय बसते, काय बसत नाही?

‘फुल स्कॉलरशिप’ हा शब्द ऐकला की सगळा खर्च सुटला असे वाटते. प्रत्यक्षात खर्चाचे निदान पाच भाग असतात : शिक्षण शुल्क, निर्वाह भत्ता, विमानभाडे, विमा आणि व्हिसा, आणि निघण्याआधीचा खर्च. प्रत्येक शिष्यवृत्ती यातले काही देते, काही सोडते.

राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीच्या अलीकडच्या जाहिरातींत वार्षिक निर्वाह भत्ता ब्रिटनसाठी ९,९०० पौंड आणि इतर देशांसाठी १५,४०० डॉलर असा आहे. लंडनमध्ये शिकायला येणाऱ्याकडे नऊ महिन्यांच्या राहण्या-खाण्यासाठी तेरा हजारांहून अधिक पौंड असावेत, अशी ब्रिटिश सरकारची अपेक्षा आहे. नऊ महिन्यांच्या अपेक्षेपेक्षा बारा महिन्यांचा भत्ता कमी पडतो. हा फरक भरून कुठून काढायचा, हे विद्यापीठाचे शहर निवडतानाच ठरवावे लागते. तोच अभ्यासक्रम लहान शहरातल्या तितक्याच चांगल्या विद्यापीठात असेल, तर घरभाड्यातली बचत वर्षअखेर मोठी ठरते.

जर्मनीचे उदाहरण उलट बाजूचे आहे. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षण शुल्क नाही. बाडेन-व्युर्टेम्बेर्ग राज्यात मात्र युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना दर सत्राला १,५०० युरो भरावे लागतात. फी नाही म्हणजे फुकट, असा समज करून मुले तयारीला लागतात आणि व्हिसाच्या टेबलावर अडतात. कारण वर्षभराच्या खर्चाचे ११,९०४ युरो आधीच ‘ब्लॉक्ड अकाउंट’मध्ये दाखवावे लागतात. पैसा तुमचाच असतो आणि महिन्याच्या महिन्याला तुम्हालाच मिळतो. तरी तो एकरकमी उभा करणे हीच शेतकरी किंवा पगारदार कुटुंबाची अडचण असते. १९२५ मध्ये स्थापन झालेल्या डाड या जर्मन संस्थेची शिष्यवृत्ती मिळाली, तर दरमहा भत्ता आणि विमा मिळतो आणि ही अडचण बऱ्याच अंशी सुटते.

युरोपीय संघाची ‘इरास्मस मुंडस’ ही भारतीय विद्यार्थ्यांना खुली असलेली, खर्चाचा बहुतांश भाग उचलणारी योजना आहे. दोन किंवा अधिक देशांतील विद्यापीठे मिळून एक मास्टर्स चालवतात. निवड झालेल्यांची फी माफ होते आणि दरमहा १,४०० युरो मिळतात, जास्तीत जास्त २४ महिने. प्रवास, व्हिसा आणि घर लावण्याचा खर्च मात्र याच रकमेतून करायचा असतो.

अख्खी पदवी नको, एक सत्र हवे असेल तर?

परदेशी शिक्षण म्हणजे दोन वर्षांची पदवी, असे आपल्याकडे गृहीत धरले जाते. युरोपने वेगळी वाट दाखवली, आणि तिच्या मुळाशी एका विद्यार्थिनीचा अनुभव आहे. सोफिया कोराडी ही इटालियन तरुणी १९५० च्या दशकाच्या अखेरीस फुलब्राइट शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात कायद्याचे मास्टर्स करून रोमला परतली. तिथल्या विद्यापीठाने तो अभ्यास मानायला नकार दिला. पुढे वर्षानुवर्षे तिने एकच आग्रह धरला : विद्यार्थ्याने परदेशात शिकलेले त्याच्या मूळ विद्यापीठाने मान्य केले पाहिजे.

१९८७ मध्ये इरास्मस कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा ११ देशांतील ३,२४४ विद्यार्थी त्यात होते. आता त्याचा लाभ घेतलेल्यांची संख्या दीड कोटीच्या पुढे गेली आहे. योजना साधी आहे. विद्यार्थी आपल्याच विद्यापीठात नाव ठेवून एक सत्र किंवा वर्ष दुसऱ्या देशात शिकतो. यजमान विद्यापीठ फी घेत नाही, दोन्ही ठिकाणच्या राहण्याच्या खर्चातला फरक भरून काढायला अनुदान मिळते, गरीब घरच्या मुलांना जादा रक्कम मिळते आणि तिथले क्रेडिट इथल्या गुणपत्रिकेत धरले जातात. अशाच पद्धतीने कंपनीत किंवा प्रयोगशाळेत उमेदवारीही करता येते. आपल्या महाविद्यालयाचा एखाद्या युरोपीय विद्यापीठाशी तसा करार असेल, तर भारतीय विद्यार्थीही थोड्या काळासाठी इरास्मसच्या पैशावर जाऊ शकतो. विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कक्षात जाऊन ‘आपला असा करार कुणाशी आहे?’ एवढे विचारायला काहीही खर्च येत नाही.

पदवीच्या वर्षांत संशोधनाचा अनुभव घ्यायचा असेल, तर कॅनडाची मिटॅक्स ग्लोबलिंक ही उन्हाळी योजना आहे. निवडलेले विद्यार्थी तिथल्या प्राध्यापकाच्या हाताखाली बारा आठवडे काम करतात. महाराष्ट्राच्या सरकारी योजनांचा रोख मात्र पदव्युत्तर पदवी आणि पीएच.डी.कडे आहे. एका सत्राचा खर्च पूर्ण पदवीच्या मानाने खूप कमी असतो. कोल्हापूर, नांदेड किंवा जळगावच्या विद्यापीठातील बी.एस्सी.च्या मुलीला चार महिने बाहेरची प्रयोगशाळा पाहता आली, तर पुढे मोठी शिष्यवृत्ती मागताना तिच्या अर्जात सांगण्यासारखे काही असेल. राज्याने असा निधी उभारला, तर एका पदवीच्या पैशात कितीतरी विद्यार्थ्यांना जग दिसेल.

काम आणि स्वयंसेवा

‘तिकडे काम करून फी भरू’ हा बेत बहुतेक वेळा कोसळतो, कारण काम किती करायचे हे व्हिसा ठरवतो. शिकत असताना ब्रिटनमध्ये आठवड्याला २० तास, कॅनडात महाविद्यालयाबाहेर २४ तास, ऑस्ट्रेलियात पंधरवड्याला ४८ तास आणि जर्मनीत वर्षाला १४० पूर्ण दिवस, अशा मर्यादा आहेत. अमेरिकेत २० तासांचे काम विद्यापीठाच्या आवारातच करावे लागते. या कमाईतून किराणा, बसपास, फोनचे बिल निघते. फी निघत नाही. मर्यादा मोडल्यास व्हिसाच धोक्यात येतो.

पदवीनंतर केवळ कामाचा अनुभव हवा असेल, तर ब्रिटनची ‘यंग प्रोफेशनल्स’ योजना १८ ते ३० वयाच्या भारतीय पदवीधरांना दोन वर्षे तिथे राहून काम करू देते. वर्षाला ३,००० जागा असतात, त्यांच्यासाठी सोडत निघते आणि अर्जदाराकडे २,५३० पौंडांची बचत असावी लागते.

स्वयंसेवेच्या बाबतीत एकच कसोटी लावावी : पैसा कोणाकडून कोणाकडे जातो? संयुक्त राष्ट्रांच्या स्वयंसेवक कार्यक्रमात निवड झालेल्याला राहणी-भत्ता मिळतो. युरोपीय सॉलिडॅरिटी कोअर प्रवास, निवास, जेवण, विमा आणि हातखर्च देते, पण ती युरोपीय संघातील आणि शेजारच्या काही देशांतील तरुणांसाठी आहे. याउलट ‘आफ्रिकेत मुलांना शिकवा’, ‘कासवे वाचवा’ असे सांगून विद्यार्थ्याकडूनच लाखभर रुपये मागणाऱ्या जाहिरातीही येतात. तो पैसे मोजून केलेला प्रवास आहे, शिष्यवृत्ती नव्हे. ज्याला परवडतो त्याने तो खुशाल करावा, पण त्याच्या प्रमाणपत्रासाठी आईचे दागिने गहाण ठेवू नयेत.

पैसा हातात केव्हा पडतो?

चारही प्रश्नांत हा सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत निर्णायक. आंबेडकरांची कहाणी इथे पुन्हा पाहावी लागते. कोलंबियाचे काम करून १९१६ मध्ये ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आणि ग्रेज इनमध्ये दाखल झाले. पुढच्या वर्षी शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि संशोधन अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. करारानुसार ते बडोद्यात नोकरीला गेले. पण त्या शहरात जातीमुळे त्यांना राहायला जागा मिळाली नाही आणि थोड्याच दिवसांत त्यांना ते सोडावे लागले. मग मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी पै-पै साठवली. १९२० मध्ये कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या पारशी मित्राने दिलेले उसने पाच हजार रुपये घेऊन ते पुन्हा लंडनला गेले. १९२१ मध्ये एम.एस्सी., १९२२ मध्ये बॅरिस्टरी आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. अशी त्या पैशाची फळे आली. मोठी शिष्यवृत्ती संपल्याने अर्धवट राहिलेले शिक्षण वेळेवर मिळालेल्या उसन्या पैशाने पूर्ण केले.

आजही अडचण तिथेच आहे. परदेशी विद्यापीठांची सत्रे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सुरू होतात. ऑफर लेटर पक्के करायला डिपॉझिट मागतात, तेही अनेकदा मे-जूनच्या आत. आपल्या सरकारी याद्या त्याच सुमारास किंवा त्यानंतर लागतात. २०२५ मध्ये राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीच्या यादीत १०६ जणांची निवड झाली, पण सुरुवातीला मंजुरीपत्रे मिळाली ती केवळ ४० जणांना. बाकीच्यांना निधी उपलब्ध होईल त्याप्रमाणे, असे सांगण्यात आले. ज्याच्या घरी शिल्लक आहे तो डिपॉझिट भरून थांबू शकतो. ज्याच्यासाठी योजना काढली, त्याला थांबणे परवडत नाही.

त्यात निवडीआधीचा खर्च वेगळाच. इंग्रजीच्या परीक्षेची फी, विद्यापीठांची अर्ज-फी, कागदपत्रांच्या प्रती, व्हिसाची फी. ब्रिटनला जाणाऱ्या विद्यार्थ्याला आरोग्य अधिभार म्हणून वर्षाला ७७६ पौंड व्हिसासोबतच, म्हणजे विमानात बसण्याआधी, भरावे लागतात. उत्पन्नाचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र यांसाठी तहसील आणि समितीच्या कार्यालयात होणाऱ्या फेऱ्यांचा खर्च कुठेच धरला जात नाही. म्हणून ज्या सत्राला जायचे त्याच्या दीड वर्ष आधी तयारी सुरू करावी, आणि दाखले व वैधता प्रमाणपत्र पहिल्या दोन-तीन महिन्यांतच हातात येतील असे पाहावे.

कर्ज घ्यावे का?

कर्ज घेऊन शिकणे कमीपणाचे नाही. इरावती कर्वे १९२८ मध्ये बर्लिनला मानववंशशास्त्र शिकायला गेल्या, त्या जीवराज मेहता यांनी दिलेल्या कर्जावर. प्रश्न अटींचाच आहे. सरकारी बँका आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेनुसार साधारण साडेसात लाखांपर्यंत तारण न घेता कर्ज देतात. त्यापुढे जमीन, घर किंवा ठेव तारण लागते. हप्ता अभ्यासक्रमानंतर साधारण एक वर्षाने सुरू होतो, पण व्याज पहिल्या दिवसापासून चढते. जुन्या करप्रणालीत या व्याजावर आठ वर्षांपर्यंत प्राप्तिकरात वजावट मिळते. आधी शिष्यवृत्ती, मग बिनव्याजी कर्ज, मग सरकारी बँक आणि अगदी शेवटी चढ्या व्याजाची खासगी वित्तसंस्था, हा क्रम मोडू नये. नोकरी मिळाली नाही तर हप्ता कोण भरणार, याचे उत्तर घरात सर्वांसमोर बोलून ठरवलेले असावे.

आपण काय करू शकतो?

मोठ्या शिष्यवृत्त्या सरकार आणि न्यास देतील. पण डिपॉझिट, व्हिसा आणि पहिल्या महिन्याचे घरभाडे यांत जी मुले गळतात, त्यांच्यासाठी दोन-तीन लाखांची, काही महिन्यांची, बिनव्याजी उसनवारी पुरेशी असते. सरकारी रक्कम जमा झाली की ती परत येऊ शकते आणि पुढच्याला देता येते. टाटांनी १८९२ मध्ये वापरलेले हेच तत्त्व जिल्ह्याच्या पातळीवर वापरता येईल. महाराष्ट्रात पतसंस्था आहेत, शिक्षणसंस्था आहेत, माजी विद्यार्थ्यांचे संघ आहेत, अमेरिका-युरोपात मराठी मंडळे आहेत. त्यांपैकी प्रत्येकाने वर्षाला दहा विद्यार्थ्यांची एवढी सोय केली, तरी निवड होऊनही जाता आले नाही असे सांगणारी मुले कमी होतील.

आणि सरकारकडे मागणी एकच असावी : जागा वाढवण्याआधी तारखा पाळा. यादी एप्रिलपर्यंत लावा, मंजुरीपत्र डिपॉझिटच्या मुदतीआधी द्या आणि पहिला हप्ता विमानात बसण्यापूर्वी खात्यात टाका. गरिबाच्या मुलीला ७५ जागांच्या यादीत नाव आल्याचा आनंद सप्टेंबरमध्ये वर्गात बसल्यावरही टिकला, तरच ती शिष्यवृत्ती दिली असे म्हणता येईल.